कोलोनच्या नाणेमेळ्यात घेतलेले लहान रोमन नाणे: अभ्यास कोठून सुरू करावा?

मंदार_कोलोन (प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त मी जर्मनीत कोलोन येथे राहतो. हे शहर मुळात रोमनांचे असल्यामुळे येथे पायाचे खोदकाम निघाले की काहीतरी रोमन हाती लागणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि त्याच वातावरणाचा परिणाम म्हणून मला रोमन नाण्यांची गोडी लागली आहे. नुकत्याच भरलेल्या एका नाणेमेळ्यात मी तांब्याचे एक लहानसे नाणे बारा युरोंना घेतले. दर्शनी बाजूवर उजवीकडे तोंड केलेला, पानांची माळ ल्यालेला एक तरुण चेहरा आहे. भोवतीचा लेख बारकाईने पाहिल्यावर 'कॉन्स्टंटिनस' असा लागतो आणि त्यापुढे आय-व्ही-एन, एन-ओ-बी आणि शेवटी एकटा सी अशी अक्षरे दिसतात. मागच्या बाजूवर भाले व ढाली घेतलेले दोन सैनिक समोरासमोर उभे आहेत, त्यांच्यामध्ये सैन्याचे दोन ध्वजदंड आहेत आणि तळाशी टी-आर-पी अशी तीन अक्षरे आहेत. विक्रेत्याने पाकिटावर केवळ 'कॉन्स्टंटाइन' एवढेच लिहिले होते.

हे नाणे नेमके कोणाचे, कोठले आणि कोणत्या काळातले हे स्वतः शोधून काढण्याची पद्धत मला शिकायची आहे. कोणी आयते उत्तर दिले तर तेही चालेल, पण ते कसे काढले हे कळले तर अधिक आनंद होईल. नाण्यावर हिरवट तपकिरी थर असून कडेला एका जागी फिकट हिरवी भुकटी दिसते, तेव्हा ते स्वच्छ करावे का, हीही शंका आहे. शिवाय एका संकेतस्थळावर टायबेरियस या रोमन सम्राटाचा डिनेरियस (चांदीचे रोमन नाणे) बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत दिसतो आहे. त्याचे वजन विक्रेत्याने ३.०५ ग्रॅम दिले आहे. तो घ्यावा का? आणि पुढेमागे हा छोटा संग्रह पुण्याला घरी नेऊन ठेवता येईल का, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

टांकसाळ

मंदारजी, तुम्ही लेख वाचून दाखवलात, त्यामुळे अर्धे काम झालेच आहे. पुष्कळ जण चेहरा पाहून सम्राट ओळखायला जातात. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर ते काही प्रमाणात जमते, कारण नीरोची जाड मान किंवा हेड्रियनची दाढी एकदा पाहिली की विसरत नाही; पण चौथ्या शतकातल्या ब्राँझच्या नाण्यांवरचे चेहरे इतके साचेबद्ध आहेत की तेथे अक्षरांवाचून गती नाही.

तुमच्या नाण्यावरील आय-व्ही-एन म्हणजे 'युनिऑर', अर्थात धाकटा. रोमन कोरीव लेखांत यू आणि व्ही या दोन्हींसाठी व्हीचेच चिन्ह वापरतात. एन-ओ-बी-सी म्हणजे 'नोबिलिसिमस सीझर', म्हणजे युवराजाची पदवी. त्यामुळे हा कॉन्स्टंटाइन द ग्रेट नव्हे, तर त्याचा मुलगा दुसरा कॉन्स्टंटाइन आहे. ३१७ मध्ये त्याला सीझर हे पद मिळाले आणि बापाच्या मृत्यूनंतर ३३७ मध्ये तो ऑगस्टस, म्हणजे सम्राट, झाला, म्हणजे 'नोब सी' असा लेख असलेले नाणे या दोन सालांच्या मधलेच असणार. चेहऱ्याचा पुरावाही याला जुळतो: या मालिकेत बापाच्या डोक्यावर रत्नजडित पट्टा असतो आणि मुलांच्या डोक्यावर साधी पानांची माळ असते. विक्रेत्यांच्या पाकिटावर बापलेकांची अशी गल्लत नेहमीच आढळते, तेव्हा पाकिटावर विसंबू नये.

मागच्या बाजूचा लेख झिजला नसेल तर तो 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे सैन्याचा गौरव, असा असायला हवा. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल या नव्या राजधानीचे उद्घाटन झाले, त्याच सुमारास ही मालिका सुरू झाली, आणि तिच्याबरोबर मादी लांडगा व जुळी मुले असलेली 'उर्ब्स रोमा' आणि जहाजावर उभी विजयदेवता असलेली 'कॉन्स्टँटिनोपोलिस' अशी दोन नगरांच्या नावांची नाणीही पाडली गेली. ३३५ पर्यंत सैनिकांमध्ये दोन ध्वजदंड असत. त्यानंतर नाण्याचे वजन उतरवले, आकार लहान केला आणि एकच ध्वजदंड ठेवला. त्यामुळे ध्वजदंड मोजले की काळ पाच वर्षांच्या आत येतो. ही सोय प्राचीन भारतीय नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना क्वचितच मिळते, आणि रोमन नाण्यांचे वेड लागते ते बहुतेक येथेच.

तळाची अक्षरे ही टांकसाळीची खूण आहे. टी-आर म्हणजे ट्रिअर आणि पी म्हणजे पहिला विभाग. दुसऱ्या विभागाची नाणी टी-आर-एस अशी खूण घेऊन येतात. खुणेपुढे ठिपका आहे का, दोन सैनिकांच्या मध्ये वर एखादे चिन्ह आहे का, हे भिंगाने पाहा, कारण अशा बारीक फरकांवरून एकाच टांकसाळीचे निरनिराळे टप्पे वेगळे काढता येतात. ट्रिअर तुमच्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. तेथे १९९३ मध्ये बांधकामाच्या वेळी अडीच हजारांहून अधिक सोन्याच्या रोमन नाण्यांचा, सुमारे साडेअठरा किलो वजनाचा साठा सापडला. तो तेथील राज्य संग्रहालयात पाहायला मिळतो आणि पाहावाच असा आहे.

आता पद्धतीविषयी. रोमन साम्राज्याच्या नाण्यांची जी प्रमाण सूची आहे, 'रोमन इम्पीरियल कॉइनेज', तिचा पहिला खंड १९२३ मध्ये निघाला आणि एकूण दहा खंड आहेत. ३१३ ते ३३७ हा काळ सातव्या खंडात आहे. खंड महाग असतात, पण त्यांचीच माहिती न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने 'ओक्रे' या नावाच्या विनामूल्य संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली आहे. तेथे सम्राट, टांकसाळ आणि लेखाचा एखादा तुकडा भरला की जुळणारे प्रकार छायाचित्रांसह समोर येतात. प्रजासत्ताकाच्या काळासाठी आणि पूर्वेकडील प्रांतांच्या ग्रीक लेखांच्या नाण्यांसाठी अशीच स्वतंत्र संकेतस्थळे आहेत. सूचीतला क्रमांक मिळाला की काम संपले असे मात्र समजू नका; क्रमांक म्हणजे केवळ पत्ता असतो.

एक विनंती आहे. नाण्याचे वजन दोन दशांश स्थळांपर्यंत आणि व्यास मिलिमीटरमध्ये कळवा. त्याशिवाय मी वर लिहिलेले सगळे अर्धवटच आहे.

रसायनी

स्वच्छतेबद्दल मी लिहिते, कारण धातूंची झीज हा माझ्या कामाचा विषय आहे आणि याबाबतीत उत्साहाच्या भरात झालेले नुकसान भरून निघत नाही.

आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने नाहीतर पितांबरीने लख्ख करायची सवय हाताला असते, आणि तोच हात प्राचीन नाण्यावर फिरला की सोळा-सतरा शतकांत तयार झालेला थर काही मिनिटांत निघून जातो. हा थर म्हणजे मळ नव्हे. त्यात मूळच्या पृष्ठभागाचे तपशील टिकून असतात. खालचा धातू बहुतेकदा खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो, त्यामुळे आम्लाने थर काढला की अक्षरेही त्याच्याबरोबर जातात आणि हाती गुलाबीसर रंगाची एक चकती उरते. लिंबू, व्हिनेगर, बॅटरीला जोडून केलेले विद्युत-विघटन, यांपैकी काहीही वापरू नका. सुटी माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून लाकडी दातकोरणीने, भिंगाखाली आणि सावकाश काढावी.

तुम्ही लिहिलेली फिकट हिरवी भुकटी मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ती मला काळजीची वाटते. दातकोरणीने हळूच टोकरून पाहा. कठीण आणि गुळगुळीत असेल तर चिंता नाही. पिठासारखी सुटत असेल आणि खाली खळगा दिसत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे. जमिनीतल्या मिठातून आलेले क्लोराइड तांब्याशी संयोग पावून बसलेले असते, हवेतल्या दमटपणाने आणि प्राणवायूने त्यापासून ही भुकटी व आम्ल तयार होते, ते आम्ल पुन्हा तांबे खाते, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करा. ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी वरचेवर बदलत, काही आठवडे ठेवणे हा सर्वांत सौम्य उपाय आहे. तेवढ्याने भागले नाही तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे पातळ द्रावण वापरतात, पण त्याने थराचा रंग थोडा बदलू शकतो, म्हणून ते दुसऱ्या क्रमाने. नंतर नाणे पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. पुण्याचा पावसाळा अशा नाण्याला मुळीच मानवणार नाही, आणि मुंबई-कोकणचा तर बोलायलाच नको.

ठेवायची पाकिटेही तपासून घ्या. मऊ, तीव्र वासाची पीव्हीसीची पाकिटे काही काळाने नाण्यावर चिकट हिरवा लेप सोडतात. कडक पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे उत्तम.

जुन्नरकर

टायबेरियसच्या डिनेरियसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे नाणे आपल्या देशाच्या इतिहासातही शिरलेले आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर: घेऊ नका. बसलेली स्त्री आणि 'पोंटिफ मॅक्सिम' असा लेख असलेला हा प्रकार बायबलमधील कराच्या नाण्याच्या प्रसंगाशी जोडला जात असल्यामुळे त्याला ख्रिस्ती जगात कायम मागणी असते, आणि मागणी असते तेथे बनावट माल येतोच. चांगल्या स्थितीतला खरा डिनेरियस साधारण ३.६ ते ३.८ ग्रॅम भरतो. झिजून गुळगुळीत झालेले नाणे त्याहून हलके असू शकते. पण जाहिरातीतले नाणे ठसठशीत दिसत असेल आणि तरी ३.०५ ग्रॅम भरत असेल, तर ते ओतीव असावे किंवा आत तांबे व वर चांदीचा मुलामा असावा. छायाचित्रात कड पाहा. ठशाने ठोकून पाडलेल्या नाण्याच्या कडेला बारीक तडे आणि धातू ताणल्याच्या रेषा असतात. ओतलेल्या नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे गोल खड्डे दिसतात. मुलाम्याचे नाणे निघाले तर ते खुद्द रोमन काळातल्या खोटे नाणे पाडणाऱ्याचेही असू शकते, आणि अशी प्राचीन खोटी नाणी जमवणारे संग्राहकही आहेत. पण तो निराळा शौक झाला आणि त्याची किंमतही निराळी.

आता भारताचा संबंध. लियाँच्या टांकसाळीत पाडलेले हे टायबेरियसचे डिनेरियस, आणि ऑगस्टसचे, गायस व ल्युसियस हे त्याचे दोन दत्तकपुत्र ढाली घेऊन उभे असलेले डिनेरियस, असे दोनच प्रकार दक्षिण भारतातील चांदीच्या रोमन नाण्यांच्या साठ्यांत प्रचंड बहुसंख्येने आढळतात. कोइमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात असे साठे वारंवार निघाले आहेत. इसवी सन ६४ मध्ये नीरोने डिनेरियसचे वजन व कस दोन्ही उतरवले आणि त्यानंतरची हलकी नाणी भारतीय साठ्यांत फारच कमी दिसतात. आपल्या व्यापाऱ्यांना जुने चोख नाणे आणि नवे हिणकस नाणे यांतला फरक चांगलाच कळत होता, असा याचा सरळ अर्थ मी घेतो. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (एक रोमन नाणे) ओढून घेतो अशी तक्रार लिहून ठेवली आहे. आकडा अतिशयोक्त असेल, पण ओघाची दिशा खरी आहे. पुदुक्कोट्टईजवळ १८९८ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या साठ्यात बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावरच छिन्नीने घाव घातलेले आहेत. नाणे चलनातून बाद करण्यासाठी ते घातले असावेत हे मत मला पटते, कारण केवळ धातू तपासायचा असता तर प्रत्येक वेळी नेमका चेहराच कोणी निवडला नसता.

महाराष्ट्रात चित्र उलटे आहे. तेर आणि कोल्हापूरचे ब्रह्मपुरी येथे रोमन जगाशी आलेल्या संबंधाचे अवशेष भरपूर आहेत. ब्रह्मपुरीचा समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा पुतळा सर्वांना ठाऊक आहे. तरीही चांदीच्या रोमन नाण्यांचे साठे येथे दुर्मीळ आहेत. भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी नफ्याने बदलली जात, असे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तात स्पष्ट म्हटले आहे. ती आलेली चांदी वितळवून पश्चिम भारतातील क्षहरात क्षत्रप राजांनी आपली नाणी पाडली असावीत, असा बऱ्याच अभ्यासकांचा तर्क आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे त्यांच्यापैकी नहपान या राजाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यावरील चेहरा आणि भोवतीची ग्रीक वळणाची अक्षरे टायबेरियसच्या डिनेरियसशेजारी ठेवून पाहिली की दोन्हींतले नाते डोळ्यांना जाणवते. तुम्ही सुटीत नाशिकला आलात तर अंजनेरी येथील नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेला अवश्य भेट द्या.

कायद्याबद्दल: भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे पुण्याला आणून ठेवलेले नाणे तुम्ही पुन्हा जर्मनीला नेऊ म्हणाल तर अडचणीत याल. शिवाय युरोपीय संघातून पुरातन वस्तू बाहेर काढतानाही परवान्याचा प्रश्न येतो, त्यामुळे तेथील संबंधित खात्याकडे लेखी चौकशी केल्याशिवाय हालचाल करू नये. माझा सल्ला असा की नाणी जेथे आहेत तेथेच राहू द्या आणि पुण्याला छायाचित्रे आणा. खरेदीची पावती मात्र जिवापाड जपा. नाणे कोणत्या संग्रहातून आले हे विक्रेत्याला विचारून त्याच पावतीवर लिहून घ्या. धातुशोधक यंत्र घेऊन शेतात हिंडण्याचा मोह झाला तर आधी तेथील राज्याच्या स्मारक खात्याची परवानगी लागते, हे विसरू नका.

मंदार_कोलोन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डिनेरियसचा नाद सोडला आहे. भुकटी टोकरून पाहिली. ती सुटी आहे, म्हणून नाणे वेगळे काढून पाण्यात ठेवण्यापूर्वी वजन करून घेतले. वजन १.२१ ग्रॅम आणि व्यास जेमतेम १३ मिलिमीटर भरला. ओक्रेवरची छायाचित्रे पाहताना मला एक गोष्ट खटकली: तेथील सैनिक अंगाने भरलेले दिसतात, माझ्या नाण्यावरील सैनिकांचे पाय काड्यांसारखे आहेत, आणि 'कॉन्स्टंटिनस' या नावातील एक एन उलटा कोरलेला आहे. हे आधुनिक बनावट नाणे असेल का?

टांकसाळ

आधुनिक बनावट नव्हे, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणतो. क्लोराइडचा रोग जडलेले, बारा युरोंचे तांब्याचे नाणे खोटे बनवण्यात कोणाला रस असणार? पण हे नाणे ट्रिअरच्या टांकसाळीतलेही नाही. दोन ध्वजदंडांचे अधिकृत नाणे सुमारे अडीच ग्रॅम वजनाचे आणि १७-१८ मिलिमीटर व्यासाचे असते. तुमचे त्याच्या निम्मे आहे. एका ध्वजदंडाचे नंतरचे नाणेसुद्धा साधारण दीड ग्रॅमच्या पुढे असते. उलटा एन आणि काडीपायांचे सैनिक यांनी उरलेली शंका मिटते: ही त्याच काळातली नक्कल आहे.

३४१ नंतरच्या काही वर्षांत पश्चिमेकडील टांकसाळींतून ब्राँझची सुटी नाणी फारच कमी येऊ लागली. गॉल (आजचा फ्रान्स व आसपासचा प्रदेश) आणि ब्रिटन येथील बाजारपेठांना मात्र चिल्लर लागतच होती, आणि ती गरज स्थानिक कारागिरांनी भागवली. त्यांनी समोर असलेली नाणी पाहून ठसे कोरले, जुनी नाणी कापून किंवा वितळवून लहान चकत्या केल्या आणि त्यांवर ते ठोकले. अक्षरओळख नसलेल्या कोरक्याच्या हातून एन उलटा होणे किंवा लेखाची नुसती रेघोटी होणे साहजिक होते. कधी कधी तर एका प्रकारची दर्शनी बाजू आणि दुसऱ्याच प्रकारची मागची बाजू एकत्र येते, आणि मादी लांडग्याच्या जागी सैनिक उभे राहतात. ही नाणी इतक्या मोठ्या संख्येने सापडतात की ती सरकारच्या लेखी खोटी असली तरी बाजारात चालत होती, असेच म्हणावे लागते. ३४८ च्या सुमारास 'फेल टेम्प रेपराशिओ' असा लेख असलेली नवी, मोठी नाणी निघाली, आणि पुढे त्यांच्याही नकला झाल्या.

अशा नकला सूचीत क्रमांकाने सापडत नाहीत, म्हणून पुष्कळ संग्राहक त्या बाजूला टाकतात. माझे मत नेमके उलटे आहे: नव्या अभ्यासकाला खरे काम करायला येथेच वाव आहे. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य लोकांना सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणारी 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' ही योजना ब्रिटिश म्युझियममार्फत चालते, आणि तिच्या खुल्या नोंदींत या प्रकारची असंख्य नाणी स्थळ, वजन व छायाचित्र यांसह आहेत. तेथे ट्रिअरच्या खुणेच्या, दोन ध्वजदंडांच्या आणि दीड ग्रॅमहून हलक्या नकला वेगळ्या काढा आणि अक्षरांचे वळण, सैनिकांचे पाय, ढालीवरचे ठिपके यांची तुलना करत चला. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी जुळली तर ती कोठे कोठे सापडली यावरून त्या कारागिराचा वावर किती पट्ट्यात होता याचा अंदाज बांधता येतो. तुमच्या नाण्याचे मूळ स्थळ विक्रेत्याला आठवत असेल तर आत्ताच विचारून घ्या, कारण ते कळल्याशिवाय या तुलनेत त्याला जागा मिळणार नाही.

आणि पाण्यातून काढून वाळवल्यावर एक मोजमाप अवश्य घ्या. नाणे चेहरा सरळ राहील असे धरा आणि उभ्या अक्षावर फिरवून मागची बाजू पाहा. सैनिक सरळ उभे आहेत, डोक्यावर उलटे आहेत की तिरपे, ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहून ठेवा. अधिकृत टांकसाळीत ही दिशा बहुधा बारा किंवा सहा वाजल्यासारखी असते. नकलांमध्ये ती कशीही असू शकते, आणि तुमच्या नाण्यावर चार किंवा आठ निघाले तर वरच्या निदानाला आणखी एक पुरावा मिळेल. छायाचित्र एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढा, फ्लॅश नको, आणि दोन्ही बाजू येथे टाका.